शाळेत अभ्यासात मागे पडलेला मुलगा गाडी दुरुस्तीचं काम नीट शिकू शकेल का?

हो, नक्की शिकू शकेल. फळ्यावर अडलेलं गणित बऱ्याचदा बॉनेटखाली सुटतं. वर्कशॉपमध्ये नव्या मुलांना शिकवतो, त्यावरून सांगतो. दशांश चिन्हाला घाबरणारा मुलगा मायक्रोमीटरने ब्रेक डिस्कची जाडी मोजतो, डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीशी ताडून बघतो आणि ती बदलायची की नाही ते स्वतः ठरवतो. बॅटरीचंही तसंच. इंजिन बंद असताना चार्ज झालेली बॅटरी मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू केल्यावर आकडा १४ च्या आसपास जातो. चढलाच नाही, तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग), त्याचा बेल्ट, वायरिंग बघायचं. उत्तर बरोबर की चूक ते गाडीच सांगते, लाल शाई लागत नाही! मात्र वाचनातून सुटका होईल असं समजू नका. गाडीतल्या दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०१ कोड आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही, एवढंच कळतं. दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा, हे सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंग डायग्राम बघत एकेक तपासूनच सापडतं. वाचन खूपच कच्चं असेल तर त्याची वेगळी मदत सोबत सुरू ठेवा. आणि कोर्सला प्रवेश घेण्याआधी एका इंजिनाभोवती किती मुलं असतात ते विचारा. वीस असतील तर तुमच्या मुलाच्या हाताला पाना लागायचाच नाही, तो नुसता मागे उभा राहून बघत बसेल, आणि ते तर शाळेतही झालंच होतं.