हॉलच्या भिंतीसाठी जुन्या रेल्वे नकाशाची प्रिंट घ्यायचीये, काय बघून घेऊ?

आधी नकाशा आपल्या भागाचा आहे का ते बघा, नाशिकच्या घरात लंडनच्या ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा नकाशा लावण्यापेक्षा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या जुन्या कंपनीचा लावा, कारण थळ घाटातून लाईन वर इगतपुरीपर्यंत आली ती १८६५ ला, आणि घाटात चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. माझ्याकडे तोच आहे, कसारा ते इगतपुरी ती वळत गेलेली बारीक काळी रेघ बघत घरी येणारा प्रत्येक जण दोन मिनिटं थांबतोच.

प्रिंटचं म्हणाल तर स्कॅन मोठा हवा, २४ बाय ३६ इंचाला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे ७२०० बाय १०८०० पिक्सेल, नाहीतर स्टेशनांची नावं धूसर येतात आणि मग नकाशा लावून उपयोग काय! कागद मॅटच घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाईट चमकते. आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका प्लीज, माझी पहिली प्रिंट तशीच गेली, फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना रबराचे छोटे बूच चिकटवा म्हणजे हवा खेळते.