मारिओ २ मध्ये उडी मारून शत्रू का मरत नाही?

डोक्यावर उडी मारूनही शत्रू मरत नाहीत, असं तुम्ही विचारलंत. ठाणे स्टेशनजवळून घेतलेली तुमची व्हिडिओ गेमची कॅसेट खराब नाही, गेमच वेगळा आहे. मारिओचा जपानमधला १९८६ चा खरा दुसरा भाग अमेरिकेसाठी फार अवघड वाटला, म्हणून निन्टेन्डो या गेम बनवणाऱ्या कंपनीने ‘डोकी डोकी पॅनिक’ या आपल्याच गेममधली पात्रं बदलून तोच गेम १९८८ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून विकला.

शत्रूच्या डोक्यावर उभे राहा, ‘बी’ बटण दाबून त्याला उचला, पुन्हा ‘बी’ दाबून दुसऱ्या शत्रूवर फेका. गवतही असंच उपटायचं, खाली भाजी निघते. सुरुवातीला खेळायला प्रिन्सेस हे पात्र घ्या. उडी मारून ‘ए’ बटण दाबून धरलं की ती थोडा वेळ तरंगते. गेममधली चावी उचलल्यावर एक उडता मुखवटा मागे लागतो. अगदी जवळ आला तर चावी टाका, तो निघून जातो. फार सुंदर गेम आहे, सोडू नका!