मेद्वेद: मध जाणणारा की मध खाणारा?

प्रश्न असा: रशियनमध्ये अस्वलाला ‘मेद्वेद’ म्हणतात. ‘म्योद’ म्हणजे मध, मग उरलेला ‘वेद’ आपल्या ‘विद्’ धातूतला का? मधाचा ठावठिकाणा जाणणारा?

कल्पना गोड आहे. खुद्द रशियातही पुष्कळांना तसंच वाटतं. पण फोड चुकते, कारण तो ‘व’ मधाचाच आहे. आद्य-स्लाव्ह, म्हणजे रशियन, पोलिश वगैरे स्लाव्ह भाषांची आईभाषा; तिच्यातलं रूप *मेद्वेदि असं मांडतात (तारा अशासाठी, की ते कुठे लिहिलेलं सापडत नाही, लेकीभाषांवरून काढलेलं आहे). त्यामागे मेदु + एद्, म्हणजे ‘मध खाणारा’. शाळेत घोकलेलं मनु + अंतर = मन्वंतर आठवा, तसाच इथे उ चा व झाला. संस्कृतात मधु + अद् = मध्वद्. ऋग्वेदात (१.१६४.२२) ‘मध्वदः’ आहेत, पण ते पक्षी.

मला खरी गंमत वाटते ती स्वरांची. *मेद्वेदि मधला पहिला ए ऱ्हस्व, दुसरा दीर्घ. स्लाव्ह भाषांत जुन्या ध आणि द या दोघांचाही द झाला, पण त्याआधी द च्या मागचा स्वर लांबला, ध च्या मागचा नाही. याला (विंटर या भाषाशास्त्रज्ञाच्या नावावरून) विंटरचा नियम म्हणतात. मधूतला ध गेला, तरी तो होता हे स्वरावरून कळतं.

व्याकरणात हे पुल्लिंगी इकारान्त नाम, षष्ठी *मेद्वेदी. रशियनमध्ये असली पुल्लिंगी नामं वेगळ्या पद्धतीने चालू लागली, म्हणून आज षष्ठी ‘मेद्वेद्या’. जुन्या वळणावर उरलं ते एकटं ‘पुत्’ (वाट, आपल्या पंथाचा नातलग), षष्ठी ‘पुती’. युक्रेनियनने तर अक्षरांची अदलाबदल करून ‘वेद्मिद’ केलं. पोलिशमध्ये म चा न झाला.

पण मुळात असं आडवळणाचं नाव का? बहुतेक अभ्यासक म्हणतात, भीतीपोटी. रात्री सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात, तसंच. अस्वलाचं जुनं नाव संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्टोस, लॅटिनमध्ये उर्सुस. स्लाव्ह भाषांत ते पार बुडालं. मराठीत मात्र आहे: ऋक्षाचं प्राकृत ‘अच्छ’, त्याला ‘भल्ल’ जोडून अच्छभल्ल, आणि त्याचंच आपलं अस्वल.