वाचकांचे प्रश्न : मॉर्मन बाप्तिस्मा आणि कॅथलिक लग्न

प्रश्न : मी कॅथलिक, होणारा नवरा मॉर्मन (येशूला मानणाऱ्या, अमेरिकेत सुरू झालेल्या पंथाचा). त्याचा बाप्तिस्मा (पाण्याने होणारा दीक्षाविधी) झालाय, तरी आमच्या चर्चमध्ये तो धरत नाहीत. का? – एक वाचक, वडगाव शेरी, पुणे

उत्तर : पाणी तेच, पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही नावंही तीच. अडतं ते अर्थापाशी. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट तीन व्यक्तींत एकच देव मानतात. मॉर्मनांच्या मते तिघं वेगवेगळे, आणि पित्याला हाडामांसाचं शरीर आहे. म्हणून व्हॅटिकनने २००१ मध्ये तो बाप्तिस्मा अवैध ठरवला. हा त्यांच्या श्रद्धेचा अपमान समजू नका. मॉर्मनही इतरांचा बाप्तिस्मा धरत नाहीत. ८ वर्षं पूर्ण झाल्यावर, पूर्ण बुडवूनच देतात. केस जरी पाण्याबाहेर राहिले तरी पुन्हा बुडवतात.

बाप्तिस्मा धरला जात नाही, म्हणून लग्नासाठी बिशपांकडून नियमातून खास सूट लागते. अर्ज फादरांमार्फत जातो, तेव्हा हॉल बुक करण्याआधी त्यांना भेटा.