मुर्तिजापूरला उतरा, नागपूरला कशाला जाता?

प्रश्न : ताई, आम्ही बारा वर्षांपासून जर्मनीत आहोत. सासर दर्यापूर तालुक्यात. दर डिसेंबरला मुंबई, तिथून विमानानं नागपूर आणि मग सासऱ्यांनी पाठवलेल्या गाडीनं गाव, हा आमचा ठरलेला रस्ता. यंदा चौदा वर्षांची मुलगी अडून बसली आहे. मुंबईनंतर विमान नको, रेल्वेनंच जायचं म्हणते. शाळेत कार्बनचा हिशेब शिकली आहे. नवरा म्हणतो, एवढ्याशा उड्डाणानं जगाचं काय बिघडतं? सासूबाईंचं तिसरंच. फोनवर म्हणाल्या, "जर्मनीहून येता अन् रेल्वेनं काहून? लोकं काय म्हणतीन?" कोणाचं ऐकू?

उत्तर : लेकीचं ऐका. हट्टी असेल, पण नकाशा तिलाच बरा कळतो.

मुंबई–नागपूर लोहमार्गावर मुर्तिजापूर लागतं आणि तिथून दर्यापूर जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर. तुम्ही मात्र आपल्याच वावरावरून उडत नागपूर गाठता आणि दोनशे किलोमीटर उलटे मागे येता. तुम्हाला आणायला तेवढंच अंतर रिकामी गाडी गेलेली असते, ते वेगळंच. विमान दीड तासाचं खरं. पण आधीचे विमानतळावरचे दोन तास, नंतर बॅगांची वाट आणि पुढचा चारेक तासांचा रस्ता धरा. सगळा दिवस जातो. रेल्वेला रात्र लागते, पण ती झोपेत जाते.

आता कार्बनचं. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, म्हणून मुलीलाही हे सांगा. फ्रँकफर्ट–मुंबई हे अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास आणि मुंबई–नागपूर हवाई अंतर सातशेच्या आत-बाहेर. म्हणजे मोठा भार त्या लांबच्या उड्डाणाचाच, आणि त्याला रेल्वेचा पर्याय नाही. तरी जवळच्या उड्डाणाचा किलोमीटरमागचा खर्च जास्त पडतो, कारण इंधन सगळ्यात जास्त जळतं ते वर चढताना. इथं तर चढून स्थिरावलं न स्थिरावलं की विमान उतरायला लागतं. विजेवरची रेल्वेही काही सोवळी नाही. धूर डब्यावर दिसत नाही इतकंच. तो चंद्रपूरला निघतो, २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्यांतून, आणि तिथली माणसं तो श्वासात घेतात. पण एका गाडीत हजारावर माणसं असतात. माणशी वाटणी केली की विमानापुढे तो आकडा कितीतरी पट लहान होतो.

खरी बचत हवी असेल तर दरवर्षी तीन आठवड्यांऐवजी एक वर्ष सोडून सहा आठवडे या. शाळेची सुट्टी आडवी येईल, ठाऊक आहे. पण आईबाप दोघांनी पाळीपाळीनं थांबून, एकानं गावाहूनच काम करत, हे जमवणारी घरं मी पाहिली आहेत. आजोबांनाही तीन आठवड्यांत नातवंडाचं तोंड ओळखीचं होतं न होतं तोच निरोपाचा डबा बांधावा लागतो.

सासूबाईंची अडचण मात्र मला हसण्यावारी नेववत नाही. गावात सून विमानानं येते हे चार घरी सांगता येतं, त्यात म्हातारपणाचं सुख आहे. त्यांना रेल्वे कार्बनसाठी म्हणून सांगू नका. त्यांना वाटेल पोट्ट्यांनी पैसे वाचवले. असं सांगा, की नागपूरला भाड्याची गाडी पाठवावी लागत होती, आता तुम्ही स्वतः फलाटावर या. पहाटेच्या थंडीत कानाला मफलर बांधून उभं राहायला त्यांनाच आवडेल. एके काळी याच मुर्तिजापुरातून छोट्या रुळांची शकुंतला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जायची. सासूबाई कदाचित त्याच गाडीतून नवरी होऊन आल्या असतील. शहात्तर किलोमीटरला चार तास घ्यायची, आता बंद आहे. त्यांना विचारून बघा, रेल्वेचा विषय आपोआप गोड होईल.

आता कामाचं. युरोपची बरीचशी विमानं मुंबईत रात्री-मध्यरात्री उतरतात. तो दिवस ठाण्या-कल्याणच्या नातलगांकडे झोपून काढा आणि संध्याकाळची विदर्भ किंवा रात्रीची अमरावती एक्स्प्रेस तिथूनच धरा. बॅगा घेऊन सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही. बॅगांवरून आठवलं : देशातल्या विमानात वेगळं तिकीट काढलं तर बहुधा पंधरा किलोच फुकट नेता येतात आणि तुमची एकेक बॅग तेवीसची. सेकंड एसीत माणशी पन्नास किलो चालतात.

आरक्षण आता फक्त साठ दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पासून एकशे वीसचे साठ झाले. तत्काळच्या भरवशावर राहू नका. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार-पडताळणी झालेलं खातं लागतं, तुमच्याकडे ते नसेल. दिराला त्याच्या खात्यावरून साठाव्या दिवशी सकाळी आठला बसवा. एका दिवाळीत मी वेटिंगचं तिकीट "होऊन जाईल" म्हणत ठेवलं आणि ट्रॅव्हल्सच्या मागच्या सीटवर रात्रभर उडत आले. तेव्हापासून त्या दोन शब्दांवर माझा विश्वास नाही.

परतीला निघताना रेल्वे आणि परदेशाचं विमान यांत निदान अख्खा दिवस ठेवा. धुक्यात, रुळांच्या कामात गाडी रेंगाळते. आणि बरोबर गुडघ्यांचं दुखणं असलेलं किंवा नुकतं ऑपरेशन झालेलं माणूस असेल तर विमानच घ्या, मनाला लावून घेऊ नका. त्यासाठीसुद्धा आधी अमरावतीचं बेलोरा विमानतळ बघा. एप्रिल २०२५ मध्ये तिथून मुंबईची पंख्याच्या छोट्या विमानाची सेवा सुरू झाली. ज्या दिवशी ते असेल त्या दिवशी नागपूरचा वळसा वाचतो.

शेगाव गेलं की उठून बसा, अकोल्याला बॅगा दाराशी आणा. मुर्तिजापूरला गाडी मिनिट-दोन मिनिटंच थांबते. डब्याचा नंबर आदल्या रात्रीच सासऱ्यांना कळवा, नाहीतर ते इंजिनाकडे आणि तुम्ही शेवटच्या डब्यात, आणि मधल्या फलाटावर सासूबाई नातीच्या नावानं हाका मारत.