स्टेनलेसलाही तडे?

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात आमची राईस मिल आहे. भुशाच्या भट्टीत ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा पत्रा बसवला, तरी एका हंगामात वेल्डिंगच्या कडेनं तडकला. माल खोटा का?

उत्तर : भाऊ, मालावर खापर फोडू नका. एक मीटर ३०४ पत्रा ५०० अंशांनी तापला की सुमारे ९ मिलिमीटर वाढतो; साधं लोखंड ७. तुम्ही तो चारही बाजूंनी लोखंडी चौकटीला वेल्ड केला. वाढायला जागाच नाही, म्हणून तापताना दबतो, निवताना ताणतो. तार वाकवून वाकवून तोडतो ना, तसंच. मीही असा पत्रा जखडून दिला होता, होळीआधीच फाटला. मालकाच्या शिव्या आठवतात! बोल्ट लावा, भोकं लांबट ठेवा. अन् तापल्या भट्टीवर पाणी मारत असाल, तर ते आधी बंद करा.