पाण्याखाली कुंपण नसतं

पाण्याखाली भाल्याने मासे मारायचेत ना? मग भाला फेकणारी बंदूक कोणती घ्यावी ते नंतर बघू, आधी नकाशा उघड. संरक्षित सागरी क्षेत्रात सगळीकडे एकच नियम नसतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळांच्या सागरी उद्यानाचंच घे. २००४ पासून तिथला सुमारे ३३ टक्के भाग नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात आहे. तिथे मासेमारीच बंद. पिवळ्या पट्ट्यात भाला चालतो, पण फक्त स्नॉर्केलवर, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून. पाठीवर हवेचा सिलिंडर असेल तर भाल्याला हातही लावायचा नाही.

खरी पंचाईत पाण्यात उतरल्यावर होते. तळाकडे बघत पोहताना प्रवाह कधी बंदी असलेल्या हद्दीत ओढून नेतो, कळतसुद्धा नाही. माझंही एकदा झालंय. डोकं वर काढलं तर बोट भलतीकडेच! तेव्हापासून हद्दीपासून २००-३०० मीटर लांबच उतरतो आणि दर दोन-तीन बुड्यांनंतर किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून बघतो. अगदी कडेला नेम धरूच नकोस. जखमी मासा हद्दीत पळाला, तर त्याच्यामागे जाता येत नाही. मासा नीट ओळखू आला नाही तरी सोडून दे. गळाचा मासा परत सोडता येतो, भाल्याचा नाही.

आणि हो, बोटीत चढण्याआधी बंदुकीचं ताणलेलं रबर पाण्यातच उतरवून सैल कर. भाल्याच्या टोकाला बूच लाव, मग दांड्याची बाजू पुढे करून बंदूक वर बोटीत दे.